बहिणीच्या लग्नाचा सुरक्षा आराखडा

दहशतवादविरोध आणि अंतर्गत सुरक्षा या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस आहे. पदवीधर झालेलाही मीच पहिला, बारावी झालेलाही मीच पहिला, आणि दहावीला गणितात नापास झालेलाही मीच पहिला (माझ्याआधी कोणी दहावीला बसलंच नव्हतं). तेव्हा पहिलेपणाची आम्हाला सवय आहे.

आमचं गाव नरडाण्याजवळ. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी पाठीवर वाहिल्या आणि मला शाळेत पाठवलं. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली. मी शिकलो, जळगावला एका पाइप कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून लागलो आणि पुढे सुपरवायझर झालो. तिथे आमच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, "प्रल्हाद, सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर नुसता दंडुका चालणार नाही. पदव्युत्तर पदवी आण." मी ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. दर रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून दोन वर्षं मी जगातल्या सगळ्या धोक्यांचा अभ्यास केला.

आबांना याचा इतका अभिमान वाटला की पारावर दुसरा विषयच उरला नाही.

"मन्हा आंडोर अतिरेकीस्ना अभ्यास करस," ते सांगायचे. आंडोर म्हणजे मुलगा.

"मंग आजून कितला धरात त्यानी?" पारावरून कोणीतरी विचारायचं.

"आजून परीक्षा बाकी शे," आबा शांतपणे म्हणायचे. "परीक्षा व्हई, मंग धरी."

परीक्षा म्हणजे शेवटचं प्रात्यक्षिक. कुठल्याही खऱ्याखुऱ्या गर्दीच्या कार्यक्रमाचा सुरक्षा आराखडा करायचा आणि तो प्रत्यक्ष राबवून दाखवायचा. आमच्या मार्गदर्शक मॅडम पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या. आवाज असा की ऑनलाइन वर्गातसुद्धा आम्ही ताठ बसत असू. त्यांनी नियम सांगितला, "मी दिवसभर व्हिडिओवर हजर राहीन. माझा एक माणूस तिथे येईल. तो कोण, कसा दिसतो, हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही ठरवलेल्या महत्त्वाच्या जागेवर दुपारी तीनच्या आत त्याने लाल स्टिकर चिकटवला, तर तुम्ही नापास. मग पूर्ण सत्र पुन्हा."

पूर्ण सत्र पुन्हा म्हणजे अधिकारीपद हातचं गेलं, कारण ती जागा त्याच वर्षी भरायची होती. आणि आबांना पारावर काय सांगणार?

आता खरीखुरी गर्दी कुठून आणायची? मी विचार करत होतो आणि घरात माझ्या धाकट्या बहिणीच्या, मनीषाच्या, लग्नपत्रिका छापून आल्या.

मनीषा धुळ्याला नर्सिंग शिकलेली, माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. ती म्हणाली, "भाऊ, माझ्या लग्नात काही उद्योग करशील तर बघ."

"तुला काही कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं. "उत्तम सुरक्षा ही दिसत नाही, असं आमच्या दुसऱ्याच धड्यात आहे."

तिने पत्रिकांचा गठ्ठा माझ्यासमोरून उचलून घेतला. मग म्हणाली, "तुझं वर्ष वाया जाणार नसेल तर कर. पण दिसू नको."

त्या बिचारीने भावाच्या शिक्षणासाठी एवढा मोठा त्याग केला, हे मी इथे कृतज्ञतेने नमूद करतो.

आराखडा बावीस पानांचा झाला. महत्त्वाची जागा म्हणून स्टेजवरचा नवरानवरीचा सोफा ठरवला. मंडपाला एकच प्रवेशद्वार. पाहुण्यांच्या हाताला लाल पट्टी, आमच्याकडच्या कार्यकर्त्यांच्या छातीला हिरवा बिल्ला. प्रत्येक पत्रिकेमागे चार पट्ट्या. पत्रिका सव्वातीनशे, म्हणजे माणसं तेराशे. गणितात एकदा नापास झालो असलो तरी हे मी तीनदा तपासलं होतं.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं शे," ते म्हणाले. "पन गावमा मी चूलबंद सांगी वनू."

चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. घरातलं झाडून सगळं जेवायला आपल्याकडे. आजोबा, सुना, नातवंडं, माहेरी आलेल्या लेकी, त्यांचे नवरे, आणि त्या नवऱ्यांना सहज भेटायला आलेले त्यांचे मित्रसुद्धा.

"एका घरात किती माणसं धरायची, आबा?"

"माणसं कोन मोजस? चुला मोज."

मी चुली मोजल्या, आराखड्याला तेविसावं पान जोडलं आणि त्यावर 'अंदाजे' हा शब्द लिहिला. दोन वर्षांच्या अभ्यासात तो मी पहिल्यांदाच वापरत होतो.

लग्नाच्या दिवशी मी काळा कोट घातला, कानात वायर लावली (ती कशालाही जोडलेली नव्हती) आणि प्रवेशद्वारावर उभा राहिलो. माझा जुना फोन मंडपाच्या मधल्या बांबूला गॉजपट्टीने बांधला होता. त्यातून मॅडम सगळ्या लग्नावर नजर ठेवून होत्या. माझ्या मायनं पहिल्याच तासात त्यांची दखल घेतली.

"सकायपाईन बठेल शे ती बाई," माय मला म्हणाली. "चहा इचारा का कोनी तिले?"

"माय, त्या फोनमध्ये आहेत."

"मंग काय व्हयनं? लगीनघरमा वनी शे ना?"

असं म्हणून तिने चहाचा कप बांबूपुढे खुर्चीवर ठेवला. मॅडमनी "धन्यवाद, ताई" म्हटलं आणि मायचं समाधान झालं.

इकडे माझ्या दारावर अडचणी सुरू झाल्या होत्या. कारखान्याच्या साहेबांची परवानगी घेऊन मी धातुशोधक दांडी आणली होती. ती सगळ्यांवरच वाजू लागली. बायकांच्या जोडव्यांवर वाजली, पाटल्यांवर वाजली. पुरुषांच्या खिशातल्या चुन्याच्या डब्यांवर, अडकित्त्यांवर वाजली. एका म्हाताऱ्या आजोबांच्या गुडघ्यावर वाजली. त्यांनी गुडघा बदलल्याचं सांगितलं आणि ऑपरेशनची गोष्ट सुरुवातीपासून सुरू केली. मागे रांग रस्त्यापर्यंत गेली.

मी डबे आणि अडकित्ते एका परातीत जमा करायला लावले. पाऊण तासात परात भरली. सगळे डबे सारखेच. परत देताना आपला कोणता यावरून दोन सख्ख्या भावांत असा वाद झाला की शेवटी दोघांनी दोन्ही डब्यांतला चुना चाखून निकाल लावला.

लाल पट्ट्या अर्ध्या चुली यायच्या आतच संपल्या.

तेवढ्यात नशिराबादहून वऱ्हाड आलं. नवरदेवाचे वडील नाना, म्हणजे आमचे व्याही, डाळमिलमध्ये मुनीम. भारदस्त माणूस. ते दारात उभे राहून दांडीकडे बघत होते.

"हे काय आहे?"

"तपासणी, नाना. फक्त एक मिनिट."

"मुलीकडच्यांनी पाय धुवायला पाणी द्यायचं असतं, असं आम्ही ऐकून होतो," नाना म्हणाले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. दांडी त्यांच्या पट्ट्यावर वाजली, पेनवर वाजली आणि सोन्याच्या दातावर वाजली.

आबा मागून आले, माझ्या हातातली दांडी घेतली आणि बाजूला ठेवली. नानांच्या पायावर स्वतः पाणी घातलं, आणि दार सताड उघडलं. पाच मिनिटांत सहाशे माणूस आत गेलं.

माझ्या आराखड्याचा पहिला भाग असा संपला. पण आमच्या सातव्या धड्यात आहे की बाहेरचं कडं तुटलं तर खचून जाऊ नये, आतल्या कड्यावर लक्ष द्यावं. मी संशयास्पद वर्तनाची सहा लक्षणं पाठ केली होती. ती आठवत मी मंडपात फिरू लागलो.

आणि मला तो दिसला.

मध्यम वयाचा, चष्मा लावलेला, एकटाच. कोणाशी ओळख नाही. खांद्याला काळी पिशवी, ती घट्ट धरलेली. सारखा घड्याळ बघतोय. घाम पुसतोय. आणि दोन माणसांना त्याने माझ्या देखत विचारलं, "स्टेज कुठून चढायचं?" सहापैकी सहा लक्षणं. आमच्या अभ्यासक्रमात जास्तीत जास्त चार असलेली उदाहरणं होती.

मी त्याच्याजवळ गेलो. "जरा बाजूला येता का?"

"हो, हो, तुम्हालाच शोधत होतो. उशीर झाला ना मला? धुळ्याहून येताना गाडी—"

मी त्याला मंडपामागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथे आम्ही खताच्या गोण्या ठेवतो. त्याला एका गोणीवर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"पिशवी."

पिशवीत निघालं ते असं: कापूर, काडेपेटी, सुती दोऱ्याचं बंडल, एक नारळ, आणि घडी घातलेला मोठा पांढरा कपडा. ज्वलनशील पदार्थ, दोर, आणि तोंड झाकायची सोय. नारळाचं कारण मला लागेना, पण आमचे बत्तीस धडे काही नारळाच्या मुलखात लिहिलेले नव्हते.

"अहो, मी भटजी आहे," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांनी फोन केला होता. नेहमीचे गुरुजी आजारी आहेत म्हणून मी आलो."

मी मनात हसलो. मॅडमनी आधीच बजावलं होतं की माणूस पकडलात तर तो पढवलेली गोष्ट सांगेल, आणि ती अगदी खरी वाटेल. ही खरंच अगदी खरी वाटत होती. त्याच्या तयारीचं मला कौतुक वाटलं.

"छान," मी म्हटलं. "आता खरं सांगा."

"खरंच सांगतोय. बारा पस्तीसचा मुहूर्त आहे. आत्ता बारा वीस झालेत."

"मुहूर्तही पाठ करून आलात."

मी मॅडमना संदेश पाठवला: 'संशयित ताब्यात आहे. शांत आहे.' सोबत त्याचा फोटो. पत्र्याखाली फोनला रेंज नव्हती, पण मी त्या वेळी इतका आनंदात होतो की संदेशापुढचं गोल गोल फिरणारं चक्र मला दिसलंच नाही.

बाहेर लाउडस्पीकरवर आबांचा आवाज आला. "भटजी आजून वनात नहीत. कोले दिसनात तं सांगा."

संशयित गोणीवरून उठला. "बघा, मलाच बोलावताहेत."

आता इथे सामान्य माणूस फसला असता. माझं शिक्षण मात्र इथेच कामाला आलं. खरे भटजी आलेले नाहीत आणि हा माणूस स्वतःला भटजी म्हणवतो, या दोन गोष्टी मी जोडल्या आणि माझ्या अंगावर काटा आला.

"खरे भटजी कुठे आहेत?" मी विचारलं.

"मीच."

"शेवटचं विचारतो. त्यांना कुठे ठेवलंय?"

"अहो, नाव-गाव-गोत्र काय विचारायचं ते विचारा हो माझं! नाहीतर मंगलाष्टकं म्हणून दाखवतो."

"म्हणा."

त्याने डोळे मिटले आणि खड्या आवाजात मंगलाष्टकं सुरू केली. एकही शब्द चुकला नाही. सूर तर असा की खताच्या गोण्यांनासुद्धा पावित्र्य आलं. मी वहीत टीप लिहिली: 'पूर्वतयारी अत्यंत सखोल.'

मंडपात तोवर हाहाकार झाला होता, असं मला नंतर कळलं. मुहूर्त टळला होता. नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. चार माणसं मोटारसायकलवर रस्त्याने भटजी शोधायला गेली होती. आबा तिसऱ्यांदा लाउडस्पीकरवरून हाक मारत होते, आणि नवरीच्या भावाने जबाबदारीने वागावं असं सगळ्यांना वाटत असताना नवरीचा भाऊ कुठे आहे हेही कोणाला माहीत नव्हतं.

माय केळीची पानं घ्यायला पत्र्याच्या खोलीकडे आली तेव्हा आतून 'शुभमंगल सावधान' ऐकू आलं. तिने दार ढकललं. गोणीवर एक गृहस्थ डोळे मिटून गातायत, आणि तिचा मुलगा कोट घालून वही धरून समोर उभा.

"हाई काय शे?"

"माय, तू बाहेर जा. हा माणूस धोकादायक आहे. स्वतःला भटजी म्हणवतो."

मायनं पिशवीतला पांढरा कपडा उचलला, उलगडला. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं.

"आंतरपाट शे हाऊ," ती म्हणाली. "भटजी नही तं काय तुन्हा बाप शे?"

(मी शंभरेक लग्नं पाहिली आहेत. पण आंतरपाट मी नेहमी उलगडलेलाच पाहिला होता. घडी घातल्यावर तो निव्वळ कापड दिसतो, हे कुठल्याही पुस्तकात नाही.)

मी भटजींना मंडपात नेलं तेव्हा रेंज आली, माझा संदेश गेला आणि लगेच मॅडमचं उत्तर खणखणलं: 'हे आपले नाहीत. ताबडतोब सोडा.' माझा संदेश तेवीस मिनिटं नुसताच गोल फिरत होता.

भटजी मोठ्या मनाचे निघाले. स्टेजवर चढता चढता त्यांनी पुढचा चांगला मुहूर्त काढला, घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता लग्न लावलं. आंतरपाट बाजूला झाला तेव्हा मनीषा नवऱ्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत होती. नर्सिंग शिकलेल्या मुलीची नजर इंजेक्शन देण्यापूर्वी कशी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

नाना माझ्याजवळ आले. "तुमच्याकडे भटजीला कोंडायची रीत आहे का? म्हणजे पुढच्या कार्याला आम्हाला माहीत असावं."

मी कानातली वायर काढून खिशात घातली आणि बांबूजवळ जाऊन मॅडमना म्हटलं, "मॅडम, मला नापास करा."

"वेळ किती झाली?"

"दीड."

"आपण तीन म्हणालो होतो," मॅडम म्हणाल्या. त्यांच्यापुढे खुर्चीवर आता चहाच्या कपाशेजारी मायनं वाढून ठेवलेलं जेवणाचं पान होतं.

पंगती बसल्या. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. आमच्या गावात पंगत हे आबांचं खातं आहे. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक कार्यात पंगतीच्या टोकाला आबा उभे असतात. ते स्वतः वाढत नाहीत, जेवतही नाहीत, फक्त बघतात. मी त्यांना लहानपणापासून तिथे पाहत आलो, पण ते बघतात तरी काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मला निदान हातभार लावावा असं वाटलं. वाढपी कमी पडत होते. एक साठीच्या आतबाहेरचा धडधाकट माणूस कमरेला टॉवेल गुंडाळून चुलाणाजवळ उभा होता. त्याच्या छातीवर हिरवा बिल्ला नव्हता. गर्दीत पडला असणार. मी माझ्या खिशातला काढून त्याला लावला, त्याच्या हातात बट्ट्यांची बादली दिली आणि वर स्टेजकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, तिकडची पंगत आधी घ्या. सरका रे, वाढप्याला वाट द्या."

काकांनी माझे आभार मानले. वाढप्याने आभार मानलेले मी प्रथमच ऐकत होतो, पण मला तेव्हा कोणी आभार मानत नव्हतं म्हणून बरंच वाटलं.

काका वाढत वाढत स्टेजच्या दिशेने सरकू लागले. हात सराईत, चाल बरोबर, बादली धरायची पद्धत बरोबर. मी कौतुकाने बघत होतो. स्टेज आता दहा पानं दूर होतं.

आबा टोकावरून निघाले आणि त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"भाऊ, कोना आंडोर शे तू?"

काकांनी बादली सावरली. "मी नवरदेवाकडचा."

"नवरदेवकडना?" आबांनी मान हलवली. "आन् बादली तुन्हा हातमा?"

पंगतीत हसू पसरलं. आमच्याकडे मुलाकडचा माणूस मुलीच्या दारी बादली उचलत नाही. उचलू लागला तर मुलीकडचे हातातून हिसकावून घेतात. काकांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी बिल्ला लावण्यात गुंतलो होतो.

"जाऊ द्या, आबा, मदत करत होतो," काका म्हणाले आणि बाजूने निघू लागले.

आबांनी त्यांच्या हातातली बादली हळूच घेतली, दुसऱ्याला दिली आणि पंगतीत सरकून जागा केली. "बठ आठे. पाहुना माणूस, उपाशी ऱ्हास का? जेवाले बठ."

"नको, खरंच नको, मी—"

दोन्ही बाजूंच्या माणसांनी हात धरून त्यांना खाली बसवलं. आबा समोर उभे राहिले. काकांच्या पानात दोन बट्ट्या पडल्या, वर तूप, वर वरण. त्या त्यांनी कशाबशा संपवल्या आणि हात आडवा धरला. आमच्याकडे पानावर हात धरणं ही पुढच्या बट्टीची सुरुवात असते. वाढप्याने बोटांच्या फटीतून तिसरी सोडली. मग चौथी. काकांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला बघितलं.

"बठ्ठा उठतीन तवय उठजो," आबा म्हणाले. सगळे उठतील तेव्हा ऊठ. पंगतीतून मधेच उठणं म्हणजे अन्नाचा आणि शेजाऱ्याचा अपमान. आणि काकांचा डावीकडचा शेजारी म्हणजे आमच्या गावचा सगळ्यात हळू जेवणारा माणूस. आबांनी जागा करताना ती बघूनच केली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी पंगत उठली. काका उठताना दोघांनी आधार दिला. ते बांबूपाशी आले, फोनपुढे उभे राहिले आणि खिशातून लाल स्टिकर काढून दाखवला.

"मॅडम, साळवी बोलतोय. आत सहज शिरलो. या मुलाने स्वतः बिल्ला लावला मला. सोफा दहा पावलांवर होता. पण त्या पंगतीतून बाहेर पडता येईना." एवढं बोलून त्यांनी जवळच्या खुर्चीचा आधार घेतला. वीस वर्षं गुप्त खात्यात वेषांतर करण्यात ज्यांची हयात गेली, ते साळवी साहेब हे. मला कळलं तेव्हा मीही दुसऱ्या खुर्चीचा आधार घेतला.

मॅडम म्हणाल्या, "त्या टोपीवाल्या आजोबांना बोलवा."

आबा आले. फोनला नमस्कार केला.

"तुम्ही ह्यांना कसं ओळखलंत?"

"काय ओळखनं?" आबांना प्रश्नच कळला नाही. "पंगतमा लोक 'पुरे' म्हनेत, आन् हाऊ थांबे."

मॅडमना समजलं नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं. जेवणारा 'पुरे' म्हणाला की हा वाढपी पुढे सरकत होता. आमच्या पंचक्रोशीत 'पुरे' म्हटल्यावर थांबणारा वाढपी जन्माला आलेला नाही. तेव्हा हा माणूस इथला नाही, हे आबांना तिसऱ्याच पानाला कळलं होतं. मग त्यांनी एकच बघितलं की हा पान सोडून सारखा स्टेजकडे का बघतोय.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "आजोबा, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"पोरगा शिकना ना," आबा म्हणाले. "मी नुसता त्याना बाप शे." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दिवसभर माझा राग आलेला एकही माणूस त्या हाताकडे बघून मला काही बोलला नाही. नाना तर आबांना म्हणाले, "आमच्याकडच्या जावळाला पंगतीवर तुम्हीच उभे राहा." मनीषा सासरी निघताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता कानात म्हणाली, "भटजींना घरी जाऊन माफी मागून ये." मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याला जाऊन आलो. त्यांनी दार उघडण्यापूर्वी खिडकीतून बघून घेतलं.

तीन आठवड्यांनी मॅडमचा अहवाल आला. मी पास झालो होतो! लाल स्टिकर सोफ्यापर्यंत पोहोचला नाही, नियम तेवढाच होता. अधिकारीपदही मिळालं. अहवाल घेऊन मी गावी गेलो. आबांनी नवी टोपी घातली, मायनं त्यांच्या शेजारी पाट मांडला, आणि मी वाचायला लागलो.

'सर्वांत परिणामकारक सुरक्षा उपाय' या रकान्यात मॅडमनी लिहिलं होतं: 'पंगत.'

'सर्वांत गंभीर धोका' या रकान्यात माझं संपूर्ण नाव होतं.

मी ते जरा भरभर वाचलं. पण आबांनी हात वर केला. "थांब. मन्हं नाव छापात का त्यासनी?"

"हो, आबा. माझ्या नावापुढे, आडनावाच्या आधी. आत्माराम."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कागद हातात घेतला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. दुसऱ्या दिवशी नरडाण्याला जाऊन ते पान लॅमिनेट करून आणलं. पदवीचं प्रमाणपत्र कपाटात आहे, हे पान बाहेरच्या खोलीत दारासमोर लावलं आहे. पाहुणा आला की आबा त्याला तिथे उभं करतात आणि धोक्याचा रकाना मोठ्याने वाचून घेतात. आणि घरात पदव्युत्तर शिकलेला एकटाच असल्यामुळे, वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आहे.